धुतलेली राख

फूड सेफ्टीचं काम करतो, हे मी लग्नाच्या पंगतीत सहसा सांगत नाही. सांगितलं की शेजारचा माणूस हातातला घास तसाच धरून विचारतो, "मग हे खाऊ ना?" आणि मी उत्तर देण्याआधी त्याच्या ताटातल्या पनीरचं तापमान किती असेल याचा अंदाज करायला लागतो. सवय जात नाही.

दुबईतल्या लहान रेस्टॉरंटांना मी सल्ला देतो. इन्स्पेक्टर मी नव्हे. इन्स्पेक्टर सरकारचा, मी रेस्टॉरंटवाल्याचा. तो येण्याआधी मी जातो, आणि तो येऊन गेल्यावर पुन्हा मलाच फोन येतो, बहुतेक वेळा रडका. कामाचं मूळ तत्त्व कुणालाही समजेल असं आहे. थंड ठेवायचं ते पाच अंशांच्या खाली, गरम ठेवायचं ते साठाच्या वर, आणि मधल्या पट्ट्यात अन्नानं रेंगाळायचं नाही. शिवाय प्रत्येक पदार्थाच्या कृतीत एखादी पायरी अशी असते की ती चुकली तर पुढं कितीही निगुतीनं करा, पदार्थ धोक्याचाच. ती पायरी शोधायची, तिला आकडा लावायचा आणि तो आकडा रोज बघायचा. एवढ्यासाठी लोक मला पगारासारखे पैसे देतात, याचं माझ्या धाकट्या भावाला अजून नवल वाटतं.

माणसं मात्र आकड्यात बसत नाहीत. देरा भागातल्या एका बिर्याणीवाल्यानं फ्रिजमधला थर्मामीटर बर्फाच्या ग्लासात उभा करून ठेवला होता. फ्रिज बंद पडला तरी काटा दोनावर. मी ग्लास बाहेर काढला तर तोच दुखावला. "साहब, आपने ही बोला था, मीटर पाँच के नीचे रहना मांगता." मी मीटरबद्दल बोललो होतो, हे खरं. सतवा भागातला एक कॅफेटेरियावाला तर ठामपणे म्हणायचा, "जंतू? आमच्याकडं रोज ऊद जाळतो, हबीबी. मच्छर टिकत नाही, जंतू काय टिकणार?" अशा लोकांशी हुज्जत घालण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

पण ज्या प्रकरणात माझा स्वतःचा घसा कोरडा पडला, ते तिएनबाईंचं.

तिएनबाई म्हणजे श्रीमती तिएन. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका टॉवरच्या तळमजल्यावर त्यांचं छोटं चिनी रेस्टॉरंट आहे. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या आतबाहेर. आखूड केस, कमरेला कायम ॲप्रन, आणि तोंडात अस्खलित हिंदी. रेस्टॉरंट काढण्यापूर्वी त्या कित्येक वर्षं दुबईतल्याच एका मोठ्या चिनी बाजारात बॅगा विकत होत्या. गिऱ्हाईक सगळं पाकिस्तानी आणि हिंदुस्थानी, म्हणून इंग्रजीच्या आधी त्या हिंदी शिकल्या. मला भाईजान म्हणणारी ही एकच चिनी बाई.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो तर छताजवळच्या दांडीला कापडी पिशव्या टांगलेल्या. आत वाळका पाला, काळपट देठ, मुळ्या. एकीवरही लेबल नाही. आमच्या धंद्यात बिनलेबलाची पिशवी म्हणजे बेवारस सामान.

"मॅडम, ये सब क्या है?"

"सब्ज़ी."

"कौन सी सब्ज़ी?"

"पहाड़ वाली. तुमको नाम बोलेगी तो तुम समझेगा?"

"आप चाइनीज़ लोग..." मी सुरुवात केली, आणि त्यांनी पंजा वर करून मला थांबवलं.

"मैं तुजिया. चाइना बहुत बड़ा है, भाईजान. तुम सबको इंडिया वाला बोलते हो, कि महाराष्ट्र वाला बोलते हो?"

मुद्दा बरोबर होता. मला तर कुणी कोल्हापूरचा म्हटलं तरी मी साताऱ्याचा म्हणून दुरुस्त करतो.

तुजिया हे मध्य चीनमधल्या डोंगराळ मुलखातले लोक. तिएनबाईंचं गाव हुनान प्रांताच्या पश्चिम टोकाला, उभ्या चढाचं आणि धुक्याचं. शेत थोडं, रान फार. त्यामुळं रानात जाऊन काय खुडायचं आणि घरी आणून त्याचं काय करायचं, हे तिथल्या बायका लहानपणीच शिकतात. वसंतात पेरणीच्या आधी त्यांच्याकडं एक भात होतो. चिकट तांदूळ, धुरावलेलं मांस, रानकांदा आणि दवण्याच्या जातीतला एक कडू पाला. हा भात भरपूर करायचा आणि शेजारीपाजारी पोचवायचा. ज्याच्या घरून भात आला नाही त्याच्याशी काहीतरी बिनसलं आहे, असं समजतात.

"वो कड़वा पत्ता ऐसे ही डालते हैं?" मी विचारलं.

"ऐसे ही डालेगी तो मेरा सास मेरे को घर से निकालेगी." त्यांनी हवेतच पाला चिरला, धुतला, दोन्ही मुठींत पिळून हिरवं पाणी काढलं, आणि कोरड्या कढईत परतून दाखवला. मग एकेक पिशवी खाली घेतली. हा नेच्याचा कोंब. कोवळा, मूठ वळलेला असतानाच खुडायचा, उकळायचा, पाण्यात ठेवायचा, पाणी बदलायचं, मगच खायचा. ही एका झाडाची तांबूस पालवी, उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय तव्यावर घालायची नाही. ही मुळी कच्ची चालते, पण वास मासळीसारखा, तेव्हा पाहुण्याला आधी विचारायचं. शेवटी त्या म्हणाल्या, "भाईजान, पौधा कौन सा, ये मत पूछो. उसके साथ क्या किया, ये पूछो."

मी वही बंद केली. चुकायला नको ती पायरी कोणती, हेच तर मी लोकांना घसा फोडून सांगत होतो. या बाईंना ते मान्य होतं, फक्त त्यांच्याकडं आकडा नव्हता. आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक पाल्याची पायरी ठरवली, तिला वेळ आणि तापमान लावलं, पिशव्यांचे डबे झाले, डब्यांना लेबलं आली. माल आधीच नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून रीतसर येत होता. बाहेरच्या हिरवळीत घोळीची रानभाजी माजलेली असायची. ती त्यांनाही ओळखू यायची आणि माझी बायको वैशालीही गाडीतून जाताना तिच्याकडं आशेनं बघायची. पण तिएनबाईंनी ती कधी खुडली नाही. "इधर का घास पाइप का पानी पीता है. पाइप का पानी कहाँ से आता है, मेरे को मालूम नहीं," त्या म्हणायच्या. त्या पाइपात शुद्ध केलेलं सांडपाणी असतं. मला माहीत होतं. त्यांनी कुणी न सांगताच ते ताडलं होतं.

त्यांच्याकडची सगळ्यात खपणारी वस्तू म्हणजे एक राखाडी, लवलवीत वडी. दिसायला आपल्या खरवसासारखी, रंग मात्र ढगाळ. आपल्या सुरणाच्या भावकीतला एक कंद डोंगरउतारावर होतो. त्याचे काप वाळवून दळायचे, ते पीठ पाण्यात शिजवायचं, आणि त्यात राखेचं निवळलेलं पाणी घालायचं, की लगदा थिजून वडी होते. ही वडी मग मिरच्या आणि जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी घालून परततात. ही मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. शाकाहारी असल्यामुळं टॉवरमधली आपली मंडळी ती हटकून मागवत.

राखेला मी हरकत घेतली होती. पण पीठ तयार मिळतं तसं शुद्ध केलेलं नाही, गावाकडच्या कापांचं आहे, तेव्हा राख लागणारच, असं त्या म्हणाल्या. राख कुठली, तर शेजारच्या कबाबच्या दुकानातल्या लाकडी कोळशाची, चाळून, पाण्यात कालवून फडक्यातून गाळून. मी ते पाणी तपासून घेतलं होतं, आक्षेपार्ह काही निघालं नव्हतं. चाललं होतं छान.

आणि एका दुपारी फोन आला. "भाईजान, जल्दी आओ. ताला लग गया."

झालं होतं असं. दुपारच्या गर्दीत एका टेबलावर ऑफिसातली चार माणसं बसली होती. वडीची प्लेट आली, चार घास झाले, आणि चौघांचेही घसे एकदम पेटले. जीभ जड, गिळताना टोचल्यासारखं. त्यातली एक बाई गरोदर होती. ती घाबरली, तिला क्लिनिकमध्ये नेलं. तिथं डॉक्टरांनी तपासून, थोडा वेळ बसवून घरी सोडलं. पण तक्रारीवर 'रसायनाचा संशय' असा शेरा बसला. तासाभरात इन्स्पेक्टर हजर.

इन्स्पेक्टरचं नाव मैसा. इथलीच, एमिराती, तिशीतली. काळा अबाया, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं इंग्रजीत आणि मोजकं. मी पोचलो तेव्हा उरलेल्या वड्या सीलबंद होत होत्या.

"मिस्टर राणे, या किचनचा सेफ्टी प्लॅन तुम्ही केलाय?"

"हो."

"मग कारणही तुम्हीच शोधा. लॅबचं लॅब करेल. पण कारण सापडेपर्यंत हे किचन उघडणार नाही. आणि सापडलंच नाही, तर मी परवाना रद्द करा असं लिहीन. मला दुसरा मार्ग नाही." ती जायला निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "मला गोष्ट नको. कारण हवंय."

परवाना रद्द म्हणजे नुसतं दुकान बंद असं इथं नसतं. त्या परवान्यावर तिएनबाईंचा व्हिसा, त्यांच्याकडच्या सगळ्या कामगारांचे व्हिसा. सगळ्यांनी सामान बांधायचं. हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या आणि ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळत होत्या.

"उस औरत को कुछ हुआ तो नहीं? बच्चे को?"

"नहीं. घर गई."

"पक्का?"

"पक्का. डॉक्टर ने बोला."

त्यांनी डोळे मिटले, आणि मग पहिल्यांदा रडल्या.

मी कामाला लागलो. माझ्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, त्रास कधी सुरू झाला. खाल्ल्यावर काही तासांनी पोट बिघडलं तर जंतू. इथं तर दुसऱ्या-चौथ्या घासालाच. म्हणजे जंतू बाद. दुसरा प्रश्न, कुणाकुणाला झाला. त्याच खेपेची वडी इतर बऱ्याच टेबलांनी खाल्ली होती आणि कुणाची तक्रार नव्हती. एकाच टेबलावर त्रास म्हणजे त्याच टेबलाच्या प्लेटला काहीतरी लागलेलं असणार. साबण. त्या आठवड्यातच भांड्यांचा साबण बदलला होता. भरीत भर म्हणून वड्या कापणारा नेपाळी मदतनीस बिष्णू मनगट खाजवत होता.

"कब से?"

"सुबह से, सर. नया साबुन का लगता है."

झालं, असं मला वाटलं. कारण सापडलं, आणि ते मला आवडलंही, कारण माझ्या प्लॅनला त्यात कुठं धक्का लागत नव्हता. पण आवडलेल्या उत्तराकडं मी दोनदा बघतो. भांडी घासणारा माणूस वेगळा होता. त्याला बोलावून हात पुढं करायला सांगितलं. कोपरापर्यंत दिवसभर त्याच साबणात बुडालेले हात, आणि कातडी जशीच्या तशी. साबण ज्याच्या अंगावर त्याला काही नाही, आणि जो साबणाला शिवत नाही त्याला खाज. ती खाजही फक्त मनगटाला, हातमोजा संपतो तिथं.

"बिष्णू, आज काय काय कापलंस?" घाईत मी त्याच्याशी मराठीतच बोललो. त्याला कळलं.

"सिर्फ़ वडी, सर. आज बहुत ढीला था, पानी निकल रहा था. ऊपर तक आ गया." त्यानं मनगटाकडं बोट दाखवलं.

वैशाली मूळची पेणची. तिच्या माहेरी पावसाच्या तोंडाला रानातून शेवळं येतात. मातीतून वर आलेले लांब कोंब, सुरणाच्याच नात्यातले, चवीला अप्रतिम आणि खाजरे. चिरायच्या आधी ती हाताला खोबरेल फासते, मनगटावरही. भाजीत काकडं घालावी लागतात. काकडाची फळं आंबट-तुरट असतात, ती खाज मारतात. मी तिला फोन लावला.

"वैशाली, त्या वर्षी शेवळं घशाला लागली होती, तेव्हा नेमकं काय झालं होतं?"

"अहो, आज काय हे मध्येच? काकडं कमी पडली होती. आणि तुमचे पुण्याचे साहेब पाणी पीत सुटले होते."

"किती वेळात लागलं?"

"किती वेळात काय, दुसऱ्या घासाला! टोचल्यासारखं होतं, सुया घातल्यासारखं. तासा-दोन तासांत गेलं. का हो, काय खाल्लंत?"

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, इज इट दॅट भाजी दॅट बाइट्स?"

"तीच," मी म्हणालो, आणि बादलीशेजारी खाली फरशीवरच बसलो. हायजीनच्या दृष्टीनं अत्यंत चुकीची गोष्ट. रसायन नव्हतं, विष नव्हतं. कंदाची खाज होती. ती बाई सुखरूप होती, तिचं बाळ सुखरूप होतं, आणि आता मला ते ठामपणे सांगता येणार होतं.

तिएनबाईंना हे सांगितलं तेव्हा मात्र त्या उसळल्या. "नहीं! हमारा दादी का दादी भी ऐसे बनाती थी. राख डाला, उबाला, खुजली गया. मैंने कुछ नहीं छोड़ा!"

"आपने चखा था?"

"चखा. मिर्ची-मिरी डालके चखा, जैसे हर रोज़."

इथं दुसरी गाठ सुटली. त्या मिरीनं जिभेला मुंग्या येतातच. ज्यांनी ती घातलेली वडी खाल्ली त्यांनी टोचणं मिरीच्या खात्यावर टाकलं आणि आनंदानं बिल दिलं. तक्रार केलेल्या टेबलानं, त्या गरोदर बाईसाठी, तिखट आणि मिरी नको असं मुद्दाम सांगितलं होतं. तिथं खाज एकटीच होती, म्हणून ओळखू आली.

"और आज ढीला क्यों बना?"

त्यांनी मान खाली घातली. "दो दिन से ढीला. मैं सोची, पीठ पुराना. तो ज़्यादा राख डाली."

ज़्यादा राख, तरी वडी ढिली. मी उठलो आणि शेजारच्या कबाबच्या दुकानात गेलो.

तिथं शेगडीवर असतो दाऊदभाई. खेडचा. मोठं पोट, भाजलेल्या भुवया, आणि मराठी बोलायला कुणी भेटलं की जो खुश होतो त्याला तोड नाही. तिएनबाईंना तो 'चायना खाला', म्हणजे चायना मावशी, म्हणतो.

"या या राणेसाहेब! खालाचं काय झालं? ताला बघितला मी. माझा जीव लागत नाही बघा कामात."

"दाऊदभाई, तिला राख तुम्हीच देता ना? हल्ली त्यात काही बदल केलात?"

"छे हो. तीच शेगडी, तोच कोळसा." मग त्यानं आवाज खाली आणला. "एक झालं. मागच्या गल्लीत कचऱ्याच्या डब्यातून धूर निघाला होता. कुणीतरी गरम राख टाकली. तेव्हापासून बिल्डिंगवाल्यांचा हुकूम, राख पाण्यात बुडवल्याशिवाय बाहेर काढायची नाही."

"मग?"

"मग काय, बादलीत बुडवतो, ढवळतो, पाणी ओतून देतो. पण खालाला सुकी लागते ना, म्हणून मुद्दाम ट्रेमध्ये पसरून मागं उन्हात सुकवतो आणि मगच देतो. तिला सांगितलंपण नाही. एवढं काय सांगायचं?"

चूक इथं होती. राखेतला सगळा कस पाण्यात विरघळतो. पापडखार आठवा, किंवा राखेनं भांडी घासताना हाताला लागणारा तो बुळबुळीतपणा. ते पाणी हा भला माणूस गटारात ओतत होता, आणि मागं उरलेली निःसत्त्व भुकटी प्रेमानं वाळवून शेजारणीला देत होता. दिसायला अगदी पहिल्यासारखी. तिनं पायरी चुकवलीच नव्हती. ती पायरी तिच्या हाती येण्याआधीच धुऊन गेली होती.

"म्हणजे माझ्या राखेनं झालं हे?" दाऊदभाईनं चिमटा खाली ठेवला. "अल्ला! मी तिच्या भल्यासाठी..."

"भल्यासाठीच केलंत. आता आणखी एकदा भल्यासाठी करा. थोडी राख पाणी न लावता झाकणाखाली गार करून द्या. इन्स्पेक्टरला मी विचारतो."

मैसा दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत धुतलेल्या राखेचं पाणी, दुसरीत न धुतलेल्या. आम्ल-क्षार मोजायची कागदी पट्टी मिळते. साध्या पाण्याला ती सात दाखवते, आणि क्षार जितका जास्त तितका आकडा वर चढतो. पहिल्या वाटीत पट्टी आठापाशी रेंगाळली. दुसरीत गडद निळी होऊन अकरावर गेली. मैसानं स्वतः आणखी एकेक पट्टी बुडवली. मग म्हणाली, "मला वडी करून दाखवा. दोन्ही पाण्यांच्या."

तिएनबाईंनी एकच पीठ दोन भांड्यांत शिजवलं. एका भांड्यातली वडी थिजली आणि सुरीखाली करकरली. दुसऱ्यातली पळीवरून ओघळली. खायची गरजच नव्हती. बिष्णूनं तिला बोट लावायला साफ नकार दिला.

"हे कारण आहे," मैसा म्हणाली. मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात तिनं पुढचं वाक्य टाकलं. "पण राख चालणार नाही. आज धुतली गेली, उद्या कोळसा बदलेल. अन्नात घालायचा पदार्थ कुठून येतो हे कागदावर पाहिजे. चुना मिळतो, खाद्य दर्जाचा. जगभर याच वडीला तोच वापरतात."

तिचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मी तिएनबाईंना समजावून सांगितलं.

"चूना? दीवार वाला?"

"खाने वाला. हमारे यहाँ पान में लगाते हैं."

"पान मैंने देखा है. सब लोग थूकते हैं."

मैसाला हसू आवरलं नाही. तिएनबाई मात्र हसत नव्हत्या. राखेच्या वडीला थोडा धुराचा वास असतो, तो त्यांच्या घरचा वास. चुन्याची वडी पांढरट होते आणि तिला कसलाच वास नसतो. "वो बाज़ार का माल होगा, भाईजान. हमारा नहीं." माणसं आजारी पडू नयेत म्हणून केलेल्या नियमांत असं काहीतरी आणखीही धुऊन जातं, आणि ते मोजायची पट्टी मला अजून मिळालेली नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो, "छह लोगों का वीज़ा, मॅडम."

त्यांनी ॲप्रनची गाठ आवळली. "लाओ चूना."

चुना मागवला, वजन करून घातला, निवळी काढली. पट्टी बारावर गेली. वडी थिजली, उकळली, पाण्यात धुतली, पुन्हा उकळली. मी सगळे आकडे टिपत होतो आणि मैसा माझ्या खांद्यावरून ते वाचत होती. शेवटी वडी कापून प्लेटमध्ये आली. मिरची नाही, मिरी नाही, मीठसुद्धा बेतानंच, कारण खाजेला लपायला जागा नको होती.

मी एक तुकडा घेतला. मैसानं एक घेतला. तिच्यावर तशी सक्ती नव्हती. बिष्णूनं पशुपतिनाथाचं नाव घेऊन एक घेतला. दाऊदभाई दारात उभा होता, त्यानं आत येऊन न विचारताच दोन घेतले. आम्ही चावून गिळलं, आणि मग चौघंही वाट बघत उभे राहिलो. वर एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. तिएनबाईंनी तुकडा घेतला नव्हता. त्या एकेकाच्या गळ्याकडं बघत होत्या. मी जीभ टाळूवरून फिरवली. काही नाही. आवंढा गिळला. काही नाही. बिष्णूनं मान हलवली. काही नाही. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी ज्याची वाट बघत आलो ते हेच, काही न होणं. पण ते होताना इतक्या माणसांबरोबर उभं राहून मी पहिल्यांदाच बघत होतो.

मैसा पाणी प्यायली. आणखी थोडं थांबली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मिस्टर राणे, याला काही चवच नाही."

मी हिंदीत सांगितलं, आणि तिएनबाईंचा चेहरा रागानं असा फुलला की मला फार बरं वाटलं. "स्वाद? मिर्ची के बिना कौन खाता है ये? दो मिनट! उसको बोलो, दो मिनट!" त्यांनी कढई चढवली, तेल ओतलं आणि वाळक्या मिरच्यांची मूठच्या मूठ आत टाकली.

मैसा किचन उघडायचा फॉर्म काढून लिहायला लागली होती. मिरचीचा खाट उठला आणि तिला जोरात ठसका लागला. मग मला, मग बिष्णूला. सगळ्यांचे हात एकदम गळ्याशी गेले, आणि क्षणभर आम्ही विस्फारल्या डोळ्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"मिर्ची है!" तिएनबाई उलथनं नाचवत ओरडल्या. "भाईजान, मिर्ची! सिर्फ़ मिर्ची!"

दाऊदभाई भिंतीला टेकून हसत होता. "यल्ला, चला खाला, भाजी जळेल," असं काहीतरी तो म्हणाला असावा; खोकल्यात नीट ऐकू आलं नाही. मैसानं डोळे पुसले, पेन उचललं, आणि खोकत खोकतच सही केली.